लहान बंदरांतील मुक्काम

मुंबईहून दक्षिणेकडे निघालेल्या शिडाच्या होडीला कोकणचा किनारा रोज सायंकाळी इतक्या सहजतेने आसरा देतो, की हा मुलूख जणू शिडाच्या प्रवासासाठीच घडला असावा असे वाटते. आणि तरीही या किनाऱ्याच्या कारभारात अशा होडीचा विचार आज जवळजवळ कोणी करीत नाही, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते. हर्णैहून दाभोळ, दाभोळहून जयगड, जयगडहून रत्नागिरी ही अंतरे 15 ते 20 सागरी मैलांच्या आसपासची, आणि विजयदुर्गाहून देवगड तर त्याहूनही जवळ. सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्यांनी जागोजागी किनारा फोडून खाड्या केल्या, खाड्यांच्या मुखांशी बंदरे वसली, आणि बंदरांच्या माथ्यांवर किल्ले उभे राहिले.

या अंतरांचा वाऱ्याशी असलेला मेळ ज्याने अनुभवला, त्यालाच त्याचे मोल कळते. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि तांडेल उजाडण्यापूर्वीच नांगर उचलतो. उन्हे चढली की वारा पडतो, शीड लुळे होते आणि तास दोन तास होडी पाण्यावर नुसती डुलत राहते. दुपारी वायव्येकडून खारे वारे भरू लागतात आणि दिवेलागणीच्या आत पुढचे बंदर गाठून देतात. मीठ, कौले, नारळ आणि इमारती लाकूड वाहणारे पडाव व मचवे याच शिरस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

देवगडात शिरण्याचा प्रसंग घ्या. भूशिरावर किल्ला आणि 1915 सालचा दीपस्तंभ. त्या भूशिराच्या आड होडी आली की बाहेरची उसळती लाट पाहता पाहता नरमते, शीड उतरते, खलाशी ते परभाणासकट आवरून बांधतात. तांडेल दोरीला बांधलेला शिशाचा ओळंबा पाण्यात सोडून तळाचा अंदाज घेतो आणि नांगर पडल्यावर दोर हातात धरून बराच वेळ उभा राहतो, कारण नांगराने तळ धरला की तो फरफटतो आहे हे दोराच्या कंपावरून त्याच्या बोटांना कळते. मग किनाऱ्यावरचा एक दिवा आणि त्यामागचा एक माड एका रेषेत धरून तो खूण पक्की करतो, आणि रात्री जाग येईल तेव्हा तीच रेषा पुन्हा पाहतो. हे ज्ञान कोणत्याही दप्तरात नमूद नाही, आणि ज्यांच्याजवळ ते आहे ती माणसे म्हातारी होत चालली आहेत.

असा मुक्काम आज करू जाता काय आढळते? जेट्टीला यांत्रिक नौकांच्या तिहेरी रांगा, बाहेरून आलेल्या लहान होडीला दोर बांधण्यास वावभर जागा नाही, पिण्याच्या पाण्यासाठी घागर घेऊन वस्तीपर्यंत पायपीट. आणि अनेक खाड्यांच्या मुखाशी गाळाचे दांडे असे साचलेले, की भांगाच्या दिवसांत आत शिरण्यास भरतीची वाट पाहत बाहेर खोळंबावे लागते. मच्छीमारांविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. बंदरावर पहिला हक्क त्यांचाच आहे. तक्रार आहे ती किनाऱ्याकडे पाहण्याच्या सरकारी दृष्टीविषयी, कारण तिला अजस्र मालवाहू बंदरे दिसतात आणि पर्यटकांच्या चौपाट्या दिसतात, परंतु त्या दोहोंच्या मध्ये असलेला दर्यावर्दी प्रवास दिसत नाही.

या प्रवासाची परंपरा तुटली त्याला कारणे झाली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्या दुःखाची छाया कोकणी कुटुंबांवर दीर्घकाळ राहिली. पुढे रस्ते झाले, किनाऱ्याची आगबोट बंद पडली, 1998 साली कोकण रेल्वे सर्वत्र धावू लागली, आणि समुद्राने गावी जाणे ही केवळ आजोबांनी सांगावयाची गोष्ट उरली. रेल्वेचे उपकार कोण नाकारील? परंतु ज्या विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांच्या गलबतांची गोदी खडकात कोरलेली आजही दिसते, त्याच प्रांतातील मुलाला शीड कसे धरावे हे ठाऊक नसावे, ही हानी मी मोठी समजतो.

शिडाची सफर हा धनिकांचा षोक आहे, असा आक्षेप येईल. वास्तविक दोन खलाशी आणि एक तांडेल यांच्यासह चार तरुणांना नेणारी साधी होडी प्रत्येक मुक्कामी गावातूनच शिधा घेते, गावातल्याच सुताराकडून डागडुजी करवून घेते, आणि तांडेलाच्या विद्येला मोल मिळवून देते. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे 2009 साली मुंबईहूनच निघाले, आणि त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात बांधली गेली होती. ही हिंमत आणि हे कसब याच किनाऱ्यावर आहे. त्याला सरावाचे अंगण हवे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि 2008 च्या नोव्हेंबरात समुद्रमार्गे येऊन मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर तो हलका लेखता येणार नाही. मात्र निघण्याच्या बंदरात एकदा कसून तपासणी होऊन मिळालेला परवाना पुढच्या सर्व बंदरांत ग्राह्य धरला, तर किनाऱ्यावरील पोलिसांना उलट प्रत्येक होडीचा माग अधिक नीट ठेवता येईल.

मागणे फार थोडे आहे. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड आणि मालवण या पाच बंदरांत पाहुण्या होड्यांसाठी जेट्टीची एक लहानशी बाजू, गोड्या पाण्याचा एक नळ, रात्रभर जळणारा एक दिवा आणि खडकाळ वाटांतून आत आणण्यासाठी, विशेषतः मालवणात, रीतसर मेहनताना मिळणारा एक स्थानिक वाटाड्या, एवढी तजवीज महाराष्ट्र सागरी मंडळाने करावी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. तो काळ जागा आखून घेण्यास पुरेसा आहे. येत्या नारळी पौर्णिमेपूर्वी या तजविजीचा हुकूम निघावा.