आरोग्यविचार : जुन्या नोंदींवरून औषधाची पारख

एखाद्या औषधाच्या अंगीं खरोखर गुण आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा सर्वांत भरंवशाचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट पाडावयाचे, एकास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्गुण गोळी द्यावयाची, आणि कांहीं काळानें दोहोंची स्थिति ताडून पाहावयाची. परंतु हा मार्ग खर्चाचा व वेळखाऊ; शिवाय अतिवृद्ध माणसें व गर्भवती स्त्रिया यांना अशा प्रयोगांतून बहुधा वगळण्यांत येतें. उलटपक्षीं, इस्पितळें व विमासंस्था यांच्या दप्तरीं लक्षावधि रोग्यांच्या नोंदी आयत्याच पडलेल्या असतात. त्या चाळूनच औषधाची पारख कां करूं नये, असा प्रश्न सहज सुचतो. पारख करतां येते. मात्र नोंदी कशा चाळल्या यावर उत्तर फार अवलंबून राहतें. किती, तें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

अमेरिकेंत १९७६ सालीं ३० ते ५५ वर्षें वयाच्या १,२१,७०० विवाहित परिचारिकांची पाहणी सुरू झाली. दर दोन वर्षांनीं प्रश्नपत्रिका धाडून त्यांच्या प्रकृतीची व औषधांची माहिती टिपून ठेवीत. ऋतुनिवृत्तीनंतर ईस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार इतरांच्या मानानें सुमारें निम्माच आढळतो, असा या नोंदींचा निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. अशा पाहण्यांवर विसंबून पुष्कळ डॉक्टर हृदयाच्या रक्षणासाठींही त्या गोळ्या देऊं लागले.

पुढें त्याच देशांत ५० ते ७९ वर्षें वयाच्या १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठ्यांच्या पद्धतीचा प्रयोग झाला. त्यांत एका गटास ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची एकत्रित गोळी दिली होती. सरासरी ५.२ वर्षांनंतर, जुलै २००२ मध्यें, तो मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागें वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ व स्तनाच्या कर्करोगाचे ८ प्रसंग अधिक घडत होते. खुब्याचें हाड मोडण्याचे प्रसंग मात्र ५ नीं कमी झाले. ज्या गोळीनें हृदय सांभाळलें जाईल अशी आशा होती, तिच्यापासूनच असा अपाय निघाला !

मग परिचारिकांनीं दिलेली माहिती खोटी होती काय ? मुळींच नाहीं. घोटाळा तुलनेंत होता. एक तर, स्वतः होऊन अशा गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुस्थितींतल्या व प्रकृतीस जपणाऱ्या असत. दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. पूर्वीं पायीं काशीयात्रा करून सुखरूप परतलेल्यांनाच बोलावून, “यात्रा प्रकृतीस मानवली काय ?” असें विचारलें असतें, तर सर्वांनीं होकारच भरला असता; वाटेंत ज्यांनीं देह ठेवला ते उत्तर द्यावयास कोठून येणार ? आधींपासून गोळ्या घेत असलेल्या स्त्रियांची मोजणी करतांना नेमकें हेंच होतें. आरंभींच ज्यांना अपाय झाला त्या गणतींतून गळतात व औषध सोसलेल्या तेवढ्या उरतात.

२००८ सालीं मिगेल एर्नान व त्यांचे सहकारी यांनीं त्याच नोंदी पुन्हा हातीं घेतल्या. मात्र आधीं कल्पनेंत एक प्रयोग आखला. पात्र कोण, औषध कोणतें, मोजणी कोणत्या दिवसापासून, किती काळ, आणि पाहावयाचा परिणाम कोणता, हें सारें ठरविलें. मग ज्या गोळ्या घेत नव्हत्या अशाच स्त्रिया निवडून, त्यांतील कोणीं नव्यानें सुरुवात केली व कोणीं केली नाहीं, येथून दोहोंची मोजणी धरली. तेव्हां समग्र काळांतील लाभ जवळजवळ नाहींसा झाला. पहिल्या दोन वर्षांत तर, आंकडे पुरेसे निश्चित नसले तरी, धोका वाढल्याचाच कल दिसला. नोंदी त्याच, पण प्रश्न नीट विचारल्याबरोबर उत्तर प्रयोगाच्या पुष्कळ जवळ आलें.

आणखी एक सापळा सांगण्याजोगा आहे. तीन वर्षें औषध पुरें करणाऱ्यांनाच ‘औषध घेणारे’ म्हटलें, तर तीं तीन वर्षें जगल्याचें श्रेय औषधास फुकट मिळतें. मध्येंच वारलेला रोगी त्या गटांत येऊंच शकत नाहीं. तसेंच, नोंदवहींत जें लिहिलेलेंच नाहीं, त्याचा हिशेब कितीही कुशल गणिती असला तरी त्याला पुरता करतां येत नाहीं.

‘दहा लाख रोग्यांच्या नोंदींवरून सिद्ध झालें’ अशी बातमी घरांत वाचली जाईल, तेव्हां त्या दहा लाखांनीं दिपून जाऊं नये. चुकीची तुलना दहा लाख वेळां केल्यानें बरोबर होत नाहीं. तुलना कोणाची कोणाशीं, मोजणी दोहोंची एकाच क्षणापासून झाली काय, आणि वाटेंत गळलेले कोठें गेले, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. उत्तर न मिळाल्यास त्या बातमीवरून घरांतील वडीलधाऱ्यांचें चालू औषध बंद करूं नये, कीं नवें सुरू करूं नये. बातमीचें कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जावें व त्यांच्यापुढें हेच प्रश्न ठेवावे.