काठावर पास, खाटेवर रुग्ण

निकालाचे दिवस आले की मराठी घरांत एक शब्दप्रयोग हमखास कानावर येतो : ‘काठावर पास’. दहावीला प्रत्येक विषयात पस्तीस गुण पडले की मुलगा सुटतो, पेढे वाटले जातात आणि वडील चारचौघांत म्हणतात, ‘निघाला एकदाचा!’ यात गैर काही नाही. इतिहासात पस्तीस मिळवलेल्या मुलाला पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे साल आठवले नाही, म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. मात्र हीच काठाची कल्पना आपण परिचारिकांच्या शिक्षणात नेली की तिचा अर्थ पार बदलून जातो. तिथे काठाच्या पलीकडे खाटेवर झोपलेला माणूस असतो.

नर्सिंगचा काठ दहावीपेक्षा उंच आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेल्या जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग या अभ्यासक्रमांत, इंग्रजीसारखा एखादा विषय सोडला, तर उत्तीर्ण होण्यासाठी किमान ५० टक्के गुण लागतात, आणि ते लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांत वेगवेगळे मिळवावे लागतात. लेखीतली कमाई प्रात्यक्षिकाच्या खात्यात वळवता येत नाही. यावर दोन्ही बाजूंनी तक्रार ऐकू येते. काही जण म्हणतात, अमेरिकेतल्या अनेक नर्सिंग महाविद्यालयांत ७५ टक्क्यांच्या खाली नापास समजतात, मग आपलेच ५० का? दुसरे म्हणतात, देशात परिचारिका पुरत नाहीत, खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली अडखळतात, तेव्हा काठ आणखी खाली आणा. मला वाटते, दोघेही चुकीच्या ठिकाणी भांडत आहेत.

ज्यांच्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, त्यांना पुढचे उदाहरण लगेच कळेल. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतेचे मिळते. एकात दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. आता १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात वीस युनिट जात नाहीत, पन्नास जातात. म्हणजे अडीचपट! रक्तातली साखर झपाट्याने उतरते, रुग्ण बेशुद्ध पडू शकतो, आणि वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही तर दगावूही शकतो. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचाच आहे. सलाईनचेही तसेच. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायची आणि नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर पडत असेल, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे गणित चुकले तर चार तासांत बाटली रिकामी होते आणि अशक्त हृदयाच्या म्हाताऱ्याच्या छातीत पाणी भरते.

आता प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. मात्रेच्या हिशेबाला त्यात असून असून किती गुण असणार? एखादी मुलगी तो प्रश्न कोरा सोडून, व्याख्या आणि आकृत्यांच्या जोरावर ५० ओलांडू शकते. दुसरी एखादी ४८ वर अडकते, पण मात्रेचा हिशेब तिच्या हातात पक्का बसलेला असतो. पहिली पास, दुसरी नापास. किती टक्के ते गुणपत्रिका सांगते. कोणते टक्के, ते सांगत नाही. काठ ५० चा ठेवा नाहीतर ७५ चा, हा दोष तसाच राहतो. पंचाहत्तर मिळवणाऱ्याचे न येणारे पंचवीसही नेमके हेच असू शकतात.

माझी नोकरीची वर्षे बँकेत गेली. तिथे बढतीला उपयोगी पडणारी सीएआयआयबीची परीक्षा असे. तिलाही पन्नासाच्या आसपास गुण पुरत, आणि ते योग्यच होते. बँकिंगच्या कायद्यातले एखादे कलम आठवले नाही तर पुस्तक उघडून पाहता येते. पण संध्याकाळी रोकड जुळवताना पन्नास टक्क्यांना काही अर्थ नसे. शंभरातल्या नव्व्याण्णव नोटा बरोबर मोजणारा कॅशियर नव्व्याण्णव टक्क्यांनी पास होत नाही. उरलेल्या एका नोटेचा फरक त्याला खिशातून भरावा लागतो. एकाच इमारतीत, एकाच माणसाला दोन मापे लावली जात, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नसे. काउंटरवर गर्दी आहे म्हणून आज नोटा अंदाजे मोजा, असे कुठल्याही मॅनेजरने सांगितलेले मी ऐकले नाही.

परिचारिकांच्या शिक्षणात ही दोन मापे अशक्य नाहीत. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेने २०१८ साली जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत औषधाच्या मात्रेचे गणित १०० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागते. आपल्या नियमांतही एक शंभर दडलेला आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी चालते. मात्र पदवी हातात पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे वॉर्डातला कोणताही भाग चुकवून चालणार नाही, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते. तोच न्याय हजेरीपुरता न ठेवता मात्रेच्या हिशेबाला, रुग्णाची ओळख पटवण्याला, रक्त चढवण्यापूर्वीच्या पडताळणीला आणि हात धुण्याला लावला पाहिजे. एवढ्या मोजक्या गोष्टींत शंभर, बाकीच्या अभ्यासात पन्नास खुशाल राहू द्यावेत.

यावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा असल्यामुळे झटकून टाकता येत नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पुढे १८८७ मध्ये एथेल फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटनमधल्या परिचारिकांची संघटना उभी राहिली आणि परीक्षा घेऊन परिचारिकांची अधिकृत नोंदणी करावी, अशी मागणी तिने केली, तेव्हा नाइटिंगेल बाईंनी विरोध केला. परीक्षेने माहिती मोजता येते. शील, दक्षता आणि कळवळा मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाद तीस वर्षे चालला. १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला आणि फेनविक यांचे नाव नोंदवहीत पहिले लागले. कायद्याच्या बाजूने फेनविक जिंकल्या हे बरेच झाले, नाहीतर कोणीही पांढरा गणवेश चढवून परिचारिका म्हणवून घेतले असते. पण नाइटिंगेल बाईंचे म्हणणे खोटे ठरले नाही. मायाळूपणा परीक्षेत सापडत नाही, हे खरेच. म्हणून जे परीक्षेत सापडू शकते, ते तरी नीट शोधावे.

आता काठ खाली आणा म्हणणाऱ्यांकडे वळू. तुटवडा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने हजार लोकसंख्येमागे तीन परिचारिका हव्यात. आपल्या सरकारी आकड्यांत त्या दोनच्या आसपास भरतात. पण तुटवडा दिसला की रेघ पुसायची, ही सवय आपल्याला लागत चालली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘नीट-पीजी’ परीक्षेत, जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणला गेला. त्याने जागा भरतात, हे मान्य. वॉर्डातली खाट मात्र जागा भरली म्हणून बरी होत नाही.

अडखळणाऱ्या मुलींची बाजू मला परकी नाही. शैक्षणिक कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, तेव्हा कोरडवाहू शेती करणारे बाप मुलीचा बारावीचा दाखला घेऊन येत आणि सही करताना विचारत, ‘साहेब, पोरीला नोकरी लागंल ना?’ अशी मुलगी बारावीपर्यंत मराठीत शिकते आणि एका जूनमध्ये शरीररचनाशास्त्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक तिच्या पुढ्यात येते. ती अडते ती पुष्कळदा भाषेत. तिला ढकलपास करणे ही दया नव्हे. पहिल्या वर्षी इंग्रजीचे जादा तास, मात्रेच्या गणिताचा रोजचा सराव, आणि शंभर टक्क्यांच्या कसोटीला वर्ष वाया न घालवता पुन:पुन्हा बसण्याची मुभा, ही खरी दया. कॅशियरसुद्धा रोकड जुळेपर्यंत परत परत मोजतोच. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आणि नापास नेहमी मुलगीच का व्हावी? मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने ३०८ नर्सिंग महाविद्यालयांची सीबीआय चौकशी झाली. त्यांतली ६६ महाविद्यालये अपात्र आणि ७३ त्रुटी असलेली निघाली. पुढे मे २०२४ मध्ये चौकशी करणारेच काही अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. मधल्या काळात मुलांच्या परीक्षा रखडल्या, वर्षे फुकट गेली. ज्या महाविद्यालयाला धड रुग्णालय नाही, तिथल्या विद्यार्थिनीने पन्नास मिळवले काय आणि नव्वद मिळवले काय! तिने नाडी पाहायची तरी कोणाची?

तेव्हा मुलीला किंवा मुलाला या अभ्यासक्रमाला घालणाऱ्या पालकांनी निकालाची टक्केवारी विचारून थांबू नये. रुग्णालय कुठे आहे, खाटा किती, त्यांवर रुग्ण असतात का, प्रात्यक्षिकाला शिक्षिका सोबत उभी राहते का, हे प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी स्वत: जाऊन पाहावे. परीक्षा घेणाऱ्यांनी पन्नास की पंचाहत्तर हा वाद थोडा बाजूला ठेवावा आणि कोणत्या गोष्टींत एकही चूक चालणार नाही, याची यादी आधी करावी. ती यादी फार तर एका कागदावर मावेल. रात्री दोन वाजता, वॉर्डातले डॉक्टर झोपलेले असताना, आपल्या आईच्या दंडात सुई टोचणारी मुलगी त्या एका कागदावर शंभर टक्के पास झालेली असावी, एवढीच आपली अपेक्षा आहे. ती फार मोठी नाही.