गांडुळे पाळायची कुणी?



"जोडधंदा करा, गांडुळे पाळा" हा उपदेश आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. कुणीतरी टोपली घेऊन गावात येतो, "तयार खत आम्हीच उचलू" म्हणतो, किलोच्या भावाने गांडुळे गळ्यात मारतो आणि पुढच्या हंगामाला तोंड दाखवत नाही. आमच्यातले काही असे बुडाले.

गांडुळाला सावली, कायमची ओल आणि रोजचे कुजके खाणे लागते. एप्रिलात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात वाफ्यावर पाणी कोण शिंपडणार? बायाच ना!

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत नळ आहे, गॅलरीची सावली आहे, भाजीची देठे-साली घरोघर आहेत. भोके पाडलेला डबा, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर थोडे जुने शेण, मग गांडुळे; दोन-तीन महिन्यांत खत. (मासळी आणि लिंबाच्या साली मात्र घालू नका.) शिकल्यासवरल्यांना एवढे जमायला हरकत नाही. कल्याणचे आधारवाडी कचरा मैदान २०२१ मध्ये बंद झाले. त्या डोंगरात आमच्या रानांचा कस वर्षानुवर्षे कुजला, जळला.

केंद्राने २०१६ साली शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपये मदत ठरवली, तीही खत कंपन्यांमार्फत. आमच्या बांधावर किती पोती उतरली? ज्वारी शहरात पोचवायचे भाडे आमच्या पट्टीतून कापतात. कुंड्यांना पुरून उरलेले खत इकडे पाठवायचे भाडे शहराने भरावे. तोवर आम्ही पऱ्हाटीचे तुकडे आणि शेण रचून आपला उकिरडा नीट कुजवू. विकतची गांडुळे घेणार नाही.