मिंधेपणा म्हणजे परराष्ट्रनीती नव्हे

आमच्या शिक्षक-खोलीत युक्रेनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : "सर, लहान देशाने थोरल्या शेजाऱ्याचे पाय धरावेत, नाहीतर दुसऱ्या थोरल्याच्या पदराआड लपावे. तिसरी वाट नाही." इतिहास शिकवण्यात उमर गेलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकवत नाही. या मंडळींनी एकदा फिनलंडचा नकाशा उघडावा. लोकवस्ती पंचावन्न-छप्पन्न लाख आणि रशियाशी सीमा सुमारे १,३४० किलोमीटरची!

३० नोव्हेंबर १९३९ रोजी स्टालिनच्या फौजा या देशात घुसल्या. सहानुभूती जगाने दिली. स्वीडनमधून स्वयंसेवक आणि शस्त्रे आली, पण त्याचे सैन्य आले नाही. इंग्लंड-फ्रान्सची कुमक कागदावरच राहिली. १०५ दिवस झुंजून फिनलंडने तह केला. सुमारे दशांश भूमी गेली आणि चार लाखांवर माणसे घरदार सोडून निघाली. पण देश उरला. आश्वासन म्हणजे सैन्य नव्हे, हा धडा त्यांनी तेव्हाच गिरवला.

पुढे १९४८ मध्ये मॉस्कोशी मैत्रीचा करार झाला. त्यावरून पश्चिमेकडच्या पंडितांनी 'फिनलंडीकरण' असा कुत्सित शब्द काढला. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. केक्कोनेन १९५६ पासून १९८२ पर्यंत अध्यक्ष होते. त्या काळात तिथली वृत्तपत्रे रशियाविषयी लिहिताना स्वतःच स्वतःची लेखणी आवरीत. ही किंमत लहान नव्हे. पण टीकाकार एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. जीभ आवरली तरी हात रिकामे ठेवले नव्हते. सक्तीची लष्करी सेवा चालूच राहिली. शीतयुद्ध संपल्यावर स्वीडनने ती २०१० मध्ये आणि जर्मनीने २०११ मध्ये थांबवली. फिनलंडने थांबवली नाही. ४८ लाख माणसे मावतील एवढी, पन्नास हजारांवर आश्रयस्थाने त्यांनी बांधून ठेवली. धान्याचे आणि इंधनाचे साठेही केले.

म्हणून रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई केली तेव्हा फिनलंडला ओंजळ पसरावी लागली नाही. मे महिन्यात संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी नाटोत जाण्याचा निर्णय घेतला आणि ४ एप्रिल २०२३ रोजी तो देश सभासद झाला. युद्धकाळात २ लाख ८० हजारांची फौज उभी करण्याची तयारी घेऊन तो आत गेला. याला पदराआड लपणे म्हणावे काय?

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. तिथल्या राज्यघटनेने १९१९ मध्येच फिनिश आणि स्वीडिश अशा दोन राष्ट्रभाषा मानल्या. स्वीडिश बोलणारे आज शेकडा पाचांच्या आसपास आहेत, तरी त्यांच्या शाळा आहेत, पाट्या आहेत. भाषिक अल्पसंख्य म्हणजे सीमेवरचे संशयित, असे बजावणाऱ्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे : १९३९ च्या त्या युद्धात फिनलंडचे सरसेनापती असलेल्या मॅनरहाइम यांची मातृभाषा कोणती होती, ठाऊक आहे? स्वीडिश!