दोष फितीचा की सांध्याचा?

संपादक महाशयांस,


भूमिगत वीजवाहिनीचे सांधे पावसाळ्यात निकामी होतात याचा सारा ठपका गतांकातील पत्रलेखकांनी वरून गुंडाळलेल्या फितीवर ठेवला आहे. ३० वर्षे खड्ड्यांत उतरून सांधे बांधलेल्या माणसास हे निदान मान्य होणे कठीण आहे. तारा जोडनळीत नीट दाबल्या वा डाखल्या नाहीत, तर तेथे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता उत्पन्न होते आणि ती आवरणास आतूनच जाळू लागते. मग फीत कितीही उंची असो. अॅल्युमिनियमचे प्रकरण तर अधिक नाजूक, कारण तार सोलताच तिच्यावर विजेस अटकाव करणारा ऑक्साइडाचा पापुद्रा धरतो, आणि तांब्याशी थेट जोडून ओल लागली की ती झिजू लागते.

शिशाच्या कवचाच्या जुन्या केबलींतील कागदी वेष्टनाची एक पट्टी आम्ही सुमारे १३० अंश सेल्सिअस तापलेल्या मेणात बुडवून पाहत असू. तडतडून फेस आला की कागदात ओल आहे असे समजून तेवढा भाग कापून टाकावयाचा, मुकादम कितीही घाई करो. हातांचा घामसुद्धा त्या कागदास बाधतो.

पुरवठा चालू असतानाच फीत बदलण्याची पत्रलेखकांची सूचना मात्र कोणीही अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रवाह तोडून स्विचास कुलूप घालावे, वाहिनी निर्जीव असल्याची उपकरणाने खातरजमा करावी, तिला भूसंपर्क द्यावा. तोंडी हुकुमावर विसंबून हात घालू नये.

आपला,
एक सेवानिवृत्त केबल जॉइंटर