काच कुठली आणि कोरणारे हात कुठले?

युरोपातल्या जुन्या चर्चच्या खजिन्यांमधून आलेले, बाराव्या शतकाच्या आसपासचे डझनभर पेले आज संग्रहालयांत जपलेले आहेत. काच जाड, धुरकट रंगाची. चाकावर खोल कोरलेले सिंह, गरुड आणि अर्धा गरुड-अर्धा सिंह असा ग्रिफिन. सिंहाच्या अंगावरचे केस नुसत्या तिरप्या रेघांनी दाखवलेले. सायलेशियाची डचेस संत हेडविग (मृत्यू १२४३) हिच्या पेल्यातल्या पाण्याची वाइन झाली, या आख्यायिकेवरून त्यांना हेडविग पेले म्हणतात. ते इजिप्तचे, बायझंटाइन, सिसिलीचे की मध्य युरोपातलेच, हा वाद जुना आहे. रासायनिक पृथक्करणाने तो मिटला असं आता सांगितलं जातं. माझ्या मते त्यातला अर्धाच मिटला आहे, आणि संग्रहालयाच्या पाटीवर हे स्पष्ट लिहायला हवं.

पृथक्करणातून जे कळलं ते मोलाचं आहे. ही काच सोडियमयुक्त असून तिच्यात खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख वापरलेली आहे. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमच्या प्रमाणावरून ते ओळखता येतं. त्या काळी मध्य युरोपातले कारागीर लाकडाच्या राखेपासून पोटॅशियमने भरलेली काच करत. म्हणजे ही काच तिथल्या भट्टीतली नव्हे. तिचा मेळ सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याशी बसतो. पण कापूस कुठे पिकला हे कळल्याने लुगडं कुठे विणलं हे कळत नाही. तुर्कस्तानजवळ सेर्चे लिमानीला १०२५च्या सुमारास बुडालेल्या जहाजात सुमारे ३ टन कच्ची आणि फुटकी काच सापडली, ती पुन्हा वितळवण्यासाठी निघालेली. १२७७ साली व्हेनिसने अँटिओकच्या राजपुत्राशी केलेल्या तहात फुटक्या काचेवरच्या जकातीचा उल्लेख आहे. काच प्रवास करत होती, तशी राखही. व्हेनिसचे काचकार सीरियातून ती मागवत.

समस्थानिकांच्या मोजणीने हा प्रश्न सुटेल, असा आक्षेप येईल. स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमची समस्थानिकं कच्च्या मालाचा, विशेषतः वाळूचा, माग नक्कीच अधिक नेमका देतात. पण चाक फिरवणाऱ्या हाताची खूण काचेच्या घटकांत उतरत नाही. तिथे नक्षीच साक्षीदार. पालेर्मोत नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्यासाठी ११३३-३४ मध्ये झालेल्या झग्यावर उंटावर झेपावणारे सिंह आणि काठावर अरबी लेख आहे. ख्रिस्ती राजासाठी अरबी परंपरेत काम करणारे कसबी कारागीर सिसिलीत होते, याचा हा पुरावा. इस्लामी प्रदेशांतल्या उत्खननांत अशा पेल्यांची परंपरा हाती लागत नाही, म्हणून मला सिसिलीचं पारडं जड वाटतं. मात्र तिथली कार्यशाळा सापडेपर्यंत तो अंदाजच. मग विज्ञानाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना उत्तर सोपं आहे: मध्य युरोपात काच वितळवल्याचा दावा त्यानेच निकालात काढला, आणि नक्षीच्या जाणकारांना शतकभर ते जमलं नव्हतं. म्हणून पाटीवर दोन ओळी हव्यात: काच पूर्व भूमध्य किनाऱ्याची; कोरीवकाम बहुधा सिसिलीचं, अनिश्चित.