दुपारचा एक आकडा आणि रात्रीचा दाब

रामनवमीला वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीला देशभरातून बंजारा भाविक येतात. अशा गर्दीच्या ठिकाणी नेत्रतपासणी झाली, तर ती बहुधा मोतीबिंदू आणि चष्म्याच्या नंबरापुरती असते. काचबिंदू निसटतो, कारण तो दुखत नाही आणि समोरची नजर शेवटपर्यंत टिकते. कडेची नजर मात्र हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही.

डोळ्यातला दाब मोजला तरी एका मोजणीवर विसंबता येत नाही. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ मिलिमीटर असतो आणि दिवसभरात काही मिलिमीटरने खालीवर होतो. काचबिंदूच्या रुग्णात हा चढउतार १० मिलिमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. अनेकांचा दाब रात्री आडवे झाल्यावर किंवा पहाटे सर्वाधिक असतो. त्या वेळी दवाखाना बंद असतो. दुपारी १८ आकडा आला म्हणून निर्धास्त झालेल्या रुग्णाची नस पहाटे दबत असू शकते.

थेंबांनी दाब उतरतो, पण ते वेळेवर पडले तरच. टिमोलॉलसारखे औषध तर रात्री फारसे काम करत नाही. ट्रॅबेक्युलेक्टॉमी या शस्त्रक्रियेत डोळ्यातील पाण्याला बाहेर पडण्यासाठी नवी वाट करून देतात. धरणाला सांडवा असावा तशी ही वाट रात्रंदिवस उघडी राहते. त्यामुळे सरासरी दाब तर उतरतोच, शिवाय त्याची उसळीही आटोक्यात राहते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, बळावलेल्या काचबिंदूच्या रुग्णांचा सरासरी दाब दोन वर्षांनी शस्त्रक्रियेनंतर १२.४, तर औषधांवर १५.१ होता.

म्हणून प्रत्येकाला शस्त्रक्रिया करा, असे नाही. दाब नको इतका उतरणे, जंतुसंसर्ग, मोतीबिंदू लवकर वाढणे हे धोके आहेत. वाट बुजूही शकते, त्यामुळे तपासणी आयुष्यभर चुकत नाही. सुरुवातीच्या आजारात थेंब किंवा लेसर पुरेसे ठरतात.

पण तांड्यावरून ऊसतोडीला जाणारा मजूर घ्या. पाच-सहा महिने फडावर. थेंबांची बाटली संपली की दुसरी आणायला तालुक्याचे गाव दूर, आणि खाडा केला की मजुरी बुडते. आजार बळावलेला असेल, तर अशा रुग्णाला ‘थेंब सोडू नका’ एवढेच बजावून पाठवणे हा उपचार नव्हे. शस्त्रक्रियेचा विचार त्याच्यासाठी लवकर, आणि हंगाम सुरू होण्याआधी व्हायला हवा. नंतरचे काही आठवडे वारंवार तपासणी लागते, तेवढी सवड तेव्हाच मिळते.

यात्रेतल्या शिबिरांनीही चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजावा आणि डोळ्याची नस पाहावी. घरात कुणाला काचबिंदू आहे का, हेही विचारावे. संशय असेल त्याला वेगवेगळ्या वेळी पुन्हा तपासावे. एका आकड्यावर कुणालाही ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवू नये.